थोहर, निवडुंग आणि एक तडकलेली कुंडी

परवा रविवारी अखेर मुहूर्त लागला. "थंडी सरली की नक्की" असं म्हणत दोन वर्षं पुढे ढकललेलं काम हातात घेतलं. काम काय, तर बाल्कनीतल्या छोट्या निवडुंगाची कुंडी बदलायची. आता यात लिहिण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. खरं तर मलाही वाटलं नव्हतं. पण अर्ध्या तासाचं काम दुपारपर्यंत चाललं, आणि त्यानंतर दोन दिवस मी पुस्तकांत आणि नेटवर भटकत होते. त्याचा हा वृत्तांत.

निवडुंग म्हणजे अगदी छोटा. लिंबाएवढ्या गोळ्यांचा घोळका. मॅमिलारिया म्हणतात त्याला. अंगभर पांढऱ्या बारीक काट्यांची जाळी, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी डोक्याभोवती फिकट फुलांची चक्री. चार इंची प्लॅस्टिकची कुंडी एका बाजूने तडकलेली, आणि पिल्लं काठावरून बाहेर लोंबायला लागलेली.

ज्यांना असं काम करायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात कृती सांगते. आधी आठ दिवस पाणी बंद. ओल्या मातीतून काढलं तर तुटलेल्या मुळांना बुरशी धरते. वर्तमानपत्राची चौपदरी पट्टी करून तिने झाडाला विळखा घालायचा, म्हणजे काटे हाताला लागत नाहीत. कुंडी आडवी करून बुडाला थापटायची. जुनी माती बोटांनी हलक्या हाताने सोडवायची. नव्या कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा, मग निम्मी जाड वाळू आणि विटांचा चुरा, निम्मी माती आणि मूठभर जुनं शेणखत. लावल्यावर पुन्हा आठवडाभर पाणी नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण नवं झाड लावलं की आपला हात आपोआप तांब्याकडे जातो :)

तर माती सोडवत होते, आणि मुळांशी कापसासारखं काहीतरी दिसलं. आधी वाटलं बुरशी. चष्मा लावून पाहिलं तर पिठ्या ढेकूण! पांढरे, मऊ, पिठात लोळल्यासारखे किडे. वरून झाड ठणठणीत दिसत होतं आणि खाली हे मुळांचा रस पीत बसले होते. आणखी वर्षभर आळस केला असता तर एके दिवशी सगळा घोळका हातात आला असता.

माझ्या पोटात गोळाच आला. तीस रुपयांचं रोप असतं तर कचऱ्यात टाकून मोकळी झाले असते. पण हे दादींचं झाड आहे.

आमचं लहानपण उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात गेलं. बाबांची नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, म्हणून तिथे जवळ पडेल अशी भाड्याची खोली. शेजारच्या बरॅकमध्ये दादी राहायच्या. बरॅक हा शब्द आम्हाला लहानपणी घर, चाळ, वाडा यांसारखाच वाटायचा. तिथल्या पत्त्यांत आजही बरॅक नंबर लिहितात. तो लष्करी शब्द आहे हे फार उशिरा कळलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी इथे मोठी छावणी उभारली होती, कल्याण कॅम्प. युद्ध संपलं, छावणी रिकामी झाली, आणि दोनच वर्षांत फाळणी आली. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि तोवर थांबलेले सिंधी हिंदूही जहाजांत बसून मुंबईच्या बंदरात उतरू लागले. त्यांतल्या सुमारे लाखभर माणसांना या छावणीत जागा मिळाली. सैनिकांच्या लांबलचक बरॅकींमध्ये आडोसे घालून एकेका कुटुंबाला एकेक तुकडा. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर नाव मिळालं. घर सोडून आलेल्यांच्या गावाचं नाव उल्हास! लहानपणी यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं, आणि त्या नदीचे आभारही मानावेसे वाटतात.

एक गोष्ट आपण हमखास विसरतो. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे दादींचा जन्म झाला तेव्हा त्यांचं गाव आणि आमच्या आजीचं गाव एकाच इलाख्यात होतं. चौदाव्या वर्षी त्या बोटीतून उतरल्या तेव्हा मात्र परक्या देशातून आलेल्या निर्वासित झाल्या होत्या.

(दादी म्हणजे आजी नव्हे बरं का. आम्ही हिंदीच्या हिशेबाने तसंच समजत होतो. सिंधीत दादा म्हणजे थोरला भाऊ, आपल्यासारखाच, आणि दादी म्हणजे थोरली बहीण. आमची आई त्यांना दादी म्हणायची ते बरोबर होतं. आम्ही पोरं त्यांना आजी समजून दादी म्हणायचो, ते चुकून बरोबर होतं.)

दादींच्या मुलाने मुंबईहून हा निवडुंग आणला होता. १९८८ साली, मी सहावीत असताना, त्यांनी त्याचं एक पिल्लू तुपाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात लावून मला दिलं. "ये थोहर है बेटा. पानी नहीं माँगता, बस धूप दे दो."

मी म्हटलं, "दादी, थोहर नाही, निवडुंग."

त्या म्हणाल्या, "अच्छा? हमारे यहाँ थोहर बोलते हैं. गाँव के पीछे पूरा पहाड़ भरा था."

मी सहावीतली हुशार मुलगी. दप्तरातून विज्ञानाचं पुस्तक काढलं, चित्र दाखवलं आणि सांगितलं की याचं खरं नाव कॅक्टस, तो अमेरिकेतून आलाय, त्यामुळे तुमच्या डोंगरावर तो असूच शकत नाही. दादी हसल्या. "ठीक है मास्टरनी" म्हणाल्या आणि पुन्हा पापड लाटायला लागल्या. त्यानंतर माझ्यासमोर त्या त्याला "वो तेरा पौधा" म्हणायच्या. थोहर म्हणाल्याचं मला आठवत नाही.

१९९४ मध्ये आम्ही बदलापूरला आलो. डबाही आला. २६ जुलै २००५ च्या पावसात उल्हास नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमचं तळमजल्याचं घर कंबरेएवढ्या पाण्यात होतं. चार दिवसांनी चिखल उपसताना कुंडी पलंगाखाली सापडली. झाड कुजलं होतं. त्याचं एकच पिल्लू घट्ट होतं, ते सावलीत वाळवून पुन्हा लावलं. आता जो घोळका आहे तो सगळा त्या एका पिल्लाचा. २०१६ साली दादी गेल्या. म्हणजे माझ्याकडे त्यांचं म्हणावं असं एवढंच आहे.

असो. तर रविवारी मुळं धुतली. सडलेली कात्रीने कापली. कानकोरण्याच्या काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून एकेक किडा पुसून काढला. मग झाड वर्तमानपत्रावर सावलीत वाळत ठेवलं. निदान चार दिवस वाळू द्यायचं होतं, म्हणजे हाताशी वेळच वेळ. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, दादींच्या गावामागच्या डोंगरावर होतं तरी काय?

उत्तर सापडायला पाच मिनिटं लागली, आणि वाचून मी बराच वेळ गप्प बसले. सिंधमधल्या, कराचीच्या आसपासच्या खडकाळ टेकड्यांवर एक काटेरी, जाडजूड दांड्यांची, बहुतेक वेळ पानं नसलेली वनस्पती मैलोगणती पसरलेली असते. राजस्थानातही असते. सिंधीत तिला थोहरच म्हणतात, हिंदीत थूहर. ती कॅक्टस नाही. ती युफोर्बिया, आपल्या एरंडाच्या कुळातली. पण दिसायला? कुणीही निवडुंगच म्हणेल. पाणी कमी, ऊन जास्त, गुरांची भीती, अशा जागी राहायचं तर पानं टाका, अंग फुगवा, काटे काढा. अमेरिकेतल्या एका कुळाने आणि आपल्याकडच्या दुसऱ्या कुळाने एकमेकांना न विचारता तोच उपाय शोधला. ओळखायची खूण सोपी: टोचल्यावर पांढरा चीक आला तर युफोर्बिया, पाण्यासारखा रस आला तर कॅक्टस. (करून बघणार असाल तर जपून. चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट.)

म्हणजे दादी बरोबर होत्या. डोंगर थोहरने भरलेलाच होता.

आता माझ्या "खऱ्या" नावाची गोष्ट ऐका. निवडुंग हा शब्दही मुळात कॅक्टसचा नाही! त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग हे आपले जुने, चीक असलेले, म्हणजे युफोर्बियाच. शेताला कुंपण म्हणून लावायचे ते. संस्कृतात स्नुही किंवा सुधा. चरकसंहितेच्या कल्पस्थानात या सुधेवर अख्खा अध्याय आहे, तिच्या चिकाचा जहाल रेचक म्हणून वापर कसा करावा यावर. मूळव्याध-भगंदरावरच्या क्षारसूत्राच्या दोऱ्याला वैद्य आजही स्नुहीच्या चिकाची पुटं देतात.

आणि कॅक्टस? एक छोटा अपवाद सोडला तर हे सगळं कूळ अमेरिका खंडांतलं. तो अपवाद म्हणजे आफ्रिकेत आणि श्रीलंकेत झाडांवर लोंबणारी एक जात. बाकीचे सगळे १४९२ नंतर, कोलंबसानंतर, जहाजांतून जगभर फिरले. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं, शिलाहार राजा मामवाणीच्या काळातलं. ते घडवणाऱ्या पाथरवटांच्या पायांत निवडुंग नक्की मोडला असेल, पण तो दुधाचा. माझ्या कुंडीतल्यासारखा एकही निवडुंग त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांच्या भाकरीबरोबर मिरचीही नव्हती, तीही अमेरिकेचीच.

मिरचीवरून लक्षात येतं की बाहेरून आलेल्या गोष्टींचे आपण दोन प्रकार केले. काही आपलं नाव सोबत घेऊन आल्या: अननस, काजू, बटाटा, ही नावं पोर्तुगीजांच्या तोंडून आलेली. काहींना आपण घरातलंच नाव दिलं. मिरची तिखट, मिरीही तिखट, म्हणून मिरीवरून मिरची. तसंच फड्या निवडुंगाचं. अमेरिकेतून सपाट फड्यांचा काटेरी पाहुणा आला, लोकांनी बघितलं, "हा तर आपल्या निवडुंगासारखाच" म्हटलं, आणि मागे फक्त फड्या जोडलं. झाला घरचा. इतका घरचा, की आज निवडुंग म्हटलं की डोळ्यांसमोर तोच येतो. पुण्याच्या नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली अशी कथा आहे. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम तिथे असतो. विठोबाने काही त्या निवडुंगाचं कूळ विचारलं नसणार.

मग माझं विज्ञानाच्या पुस्तकातलं कॅक्टस तरी खरं असेल ना? तेही नाही! काक्टोस हा ग्रीक शब्द. इसवी सनाच्या तीनेकशे वर्षं आधी थिओफ्रास्टस नावाच्या पंडिताने तो सिसिली बेटावरच्या एका काटेरी वनस्पतीसाठी वापरला. ती होती रानटी आर्टिचोकसारखी, आपल्या करडईच्या नात्यातली. दोन हजार वर्षांनी, १७५३ मध्ये, लिनियसने अमेरिकेतल्या या काटेरी गोळ्यांना आणि खांबांना ते जुनं नाव देऊन टाकलं.

म्हणजे हिशेब काय झाला? दादींनी त्याला त्यांच्या डोंगरावरच्या झाडाचं नाव दिलं. आपल्या पूर्वजांनी त्याला शेताच्या कुंपणाचं नाव दिलं. लिनियसने त्याला सिसिलीतल्या काट्याचं नाव दिलं. तिघांनी अगदी एकच गोष्ट केली. तिसऱ्याचं पुस्तकात छापलं गेलं, म्हणून सहावीतल्या मुलीला तेच खरं वाटलं, आणि तिने पहिलीला गप्प केलं. परक्याला आपल्या ओळखीच्या नावात बसवून घेणं, हीच त्याला दिलेली पहिली कुंडी असते. दादी तीच देत होत्या. आणि मी ती त्यांच्या हातून काढून घेतली.

राहता राहिले किडे. त्यांची गोष्ट तर सगळ्यात जास्त चक्रावणारी. या पिठ्या ढेकणांचं एक भावंड म्हणजे कोचिनील. ते फड्या निवडुंगावर जगतं आणि चिरडलं की लालभडक रंग देतं. मेक्सिकोतल्या या रंगावर स्पेनने शतकानुशतकं पैसा केला. ईस्ट इंडिया कंपनीलाही तो हवा होता. मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन १७८० च्या दशकापासून त्यासाठी धडपडत होते, किड्यांना खाद्य म्हणून निवडुंगाची बागसुद्धा उभी केली. १७९५ साली ब्राझीलहून किडे कलकत्त्याला पोचले. पण ती निघाली भलतीच, हलक्या रंगाची रानटी जात. रंगाचा धंदा बुडाला. किड्यांनी मात्र निवडुंगाच्या एका जातीचा इतका फडशा पाडला की पुढे १८६० च्या दशकात तेच किडे श्रीलंकेत मुद्दाम निवडुंग मारायला नेले. किड्याकडून तण मारून घेण्याच्या जगातल्या सुरुवातीच्या उदाहरणांत ही गोष्ट सांगतात. १९२६ मध्ये उलट श्रीलंकेतून दुसरी जात भारतात आणली, आणि दक्षिणेतली हजारो एकर जमीन फड्या निवडुंगातून मोकळी झाली. शेतकऱ्यांना हायसं वाटलं असेल. पण दुष्काळात काटे भाजून हाच फड्या गुरांपुढे टाकत, हेही विसरून चालणार नाही. जो घरचा झाला होता, तो पुन्हा एकदा "बाहेरचं तण" ठरला.

हे वाचत असताना मला उल्हासनगरची आठवण येत राहिली, लपवत नाही. "मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हा विनोद आम्हीही शाळेत हसून हसून सांगायचो. आमच्या वर्गात निम्मी मुलं सिंधी होती, तीही हसायची. आपल्या नावावर स्वतःच हसून घेतलं की दुसऱ्याचं हसणं कमी टोचतं, हे तेव्हा कळत नव्हतं. आता माझ्या बाल्कनीतलं झाड बघा: मूळचं अमेरिकेचं आणि आलं उल्हासनगरच्या सिंधी घरातून. दोन्ही अर्थांनी मेड इन यूएसए. दादींना हा विनोद नक्की आवडला असता. मास्टरनीला सुचायला पस्तीसहून जास्त वर्षं लागली, एवढंच.

गुरुवारी झाड लावलं. मातीची नवी कुंडी, उथळ आणि रुंद, कारण मुळं खोल जात नाहीत, पसरतात. मुळांत पुन्हा एकदा पाहिलं, पांढरं काही दिसलं नाही. तरी महिनाभर बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवणार आहे. चार पिल्लं सुटी निघाली होती, ती चहाच्या कुल्हडांना भोकं पाडून त्यांत लावली. एक ताईचं. (ताई, वाचत असशील तर: पाणी घालू नकोस! मागच्या वेळचं विसरले नाहीये.) एक शेजारच्या काकूंचं. "काट्याचं झाड घरात नको" असं त्या म्हणाल्या, मग "गॅलरीत चालेल" म्हणाल्या. एक माझ्याकडेच राखीव, २००५ ने शिकवलेला धडा.

चौथं उल्हासनगरला न्यायचंय. दादींच्या सूनबाई अजून तिथेच राहतात. महिनाभर किडा दिसला नाही तर एखाद्या रविवारी लोकलने जाईन. आइस्क्रीमच्या काडीवर पेनाने नाव लिहून कुंडीत खोचलंय: थोहर. काडी थोडी तिरकी बसलीय, पण राहू दे.

तुमच्या घरी, तुमच्या आजोळी याला काय म्हणतात? कुणी वेगळंच काही म्हणत असेल तर कृपा करून दुरुस्त करू नका. आधी विचारा, त्यांच्या गावामागे काय उगवायचं ते.